लाल दोऱ्याचा कप

आता तुमच्यापासून काय लपवायचं? इतकी वर्षं झाली, पण तो फजितीचा प्रकार आठवला की अजून कान गरम होतात. हसायचं असेल तर शेवटी हसा, मधला भाग काही हसण्यासारखा नाही.

तेव्हा मी निरगुडसरच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. पण पर्यवेक्षक कोण म्हणतो हो? सगळे 'डॉक्टर'च म्हणायचे. रोज वीस माणसं डॉक्टर म्हणायला लागली की आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं. घोडं पेंड खातं ते इथंच!

गावातल्या सोपानची जर्सी गाय सातव्या महिन्यात गाभडली. मेलेलं वासरू पडलं आणि वार आतच अडकली, ती मी हात घालून काढली. पंधरा दिवसांनी सोपानला ताप आला. अंग मोडून आलेलं, जेवण जाईना. माणसांच्या डॉक्टरांनी टायफॉइडच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. मी त्याच्या खाटेशी उभा राहून निदान केलं.

"टायफॉइड कसला? हा ब्रुसेलोसिस! गाईकडून माणसाला होतो. त्या गोळ्या बंद करा."

सोपानची बायको भीमाबाई घाबरली. "पर त्ये डॉक्टर तर म्हनत व्हते..."

"वहिनी, त्यांना गाईतलं काय कळतं? आणि ह्याचा कप वेगळा ठेवा. पोरांना त्यातून पाजू नका."

ह्या रोगाचा आणि कपाचा काही संबंध नसतो, हे मला नंतर कळलं. पण त्या माउलीनं लगेच एका कपाच्या कानाला लाल दोरा बांधला. सोपान खाटेवरून त्या कपाकडं नुसता बघत राहिला. सहा दिवस तो माणूस माझ्या शब्दावर गोळ्यांवाचून तापात पडून होता. आजही हे सांगताना मला लाज वाटते.

सातव्या दिवशी त्याला उठवेना, तेव्हा जीपमध्ये घालून घोडेगावला नेलं. तिथल्या एका लॅबमध्ये ब्रुसेलोसिसची झटपट तपासणी व्हायची. रक्ताची नळी मशीनमध्ये गरगर फिरवून वर आलेलं पाणी काढायचं. पांढऱ्या टाइलवर त्याचा एक थेंब, त्यात गुलाबी औषधाचा एक थेंब कालवायचा आणि चार मिनिटं टाइल हलवत राहायचं. आजार असेल तर गुठळ्या होतात, नसेल तर थेंब तसाच राहतो. जनावरांची अशीच तपासणी मी पाहिलेली. मग गप्प बसेन तो मी कसला!

"बाई, शेजारी माझंही रक्त लावा," मी लॅबच्या बाईंना म्हणालो. "निरोगी माणसाचं. म्हणजे वहिनींना फरक कळेल."

दोन थेंब शेजारी शेजारी. मिनिटभरात त्यातला एक नासलेल्या दुधासारखा फाटला.

"बघा!" मी ओरडलोच. "सांगत नव्हतो?"

लॅबच्या बाई मात्र हळूच म्हणाल्या, "साहेब, हा थेंब तुमचा आहे."

"अदलाबदल केलीत तुम्ही!"

"नाही केली."

"पुन्हा करा. माझ्यासमोर!"

पुन्हा सुई. या वेळी नळीवर माझं नाव मीच लिहिलं, मशीन थांबेपर्यंत तिथंच पहारा दिला. पुन्हा दोन थेंब. सोपानचा गुळगुळीत, माझा फाटलेला.

तिथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवलं. "संध्याकाळी ताप येतो?"

"थोडा. उन्हातून गाडी चालवतो ना."

"पाठ दुखते?"

"रस्त्याला खड्डे किती आहेत!"

"वार काढताना हातमोजे घालता?"

गावोगाव सभा घेऊन 'हातमोजे घाला' म्हणून बोंबलणारा मी! म्हणालो, "त्यात पकड येत नाही हो."

मग त्यांनी सोपानला तपासलं. टायफॉइडच होता. "गोळ्या कोणी बंद केल्या?" ते चिडून म्हणाले.

भीमाबाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. माझं नाव तिनं घेतलं नाही. "चुकलं आमचं," एवढंच म्हणाली. राव, तिनं चारचौघांत दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सोपान महिन्याभरात हिंडायला लागला. माझं औषध सहा आठवडे चाललं. ते संपल्यावर मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. चहा आला. सोपानला साधा कप, मला लाल दोऱ्याचा.

"वहिनी, त्या कपाचा आणि रोगाचा काही संबंध नसतो," मी म्हणालो.

"तवा म्हनला व्हता, असतो. आता म्हनता, नसतो," भीमाबाई शांतपणे म्हणाली. "ऱ्हाऊ द्या डॉक्टर. वायलाच बरा."

सोपान बशीत तोंड घालून हसत होता. मी गुपचूप प्यायलो.

आजही त्या घरी गेलो की मला तोच कप येतो. दोरा तेवढा नवा असतो.