लिबी कुबिचेकचे पिवळे दिवे

नेब्रास्कातल्या मातीच्या रस्त्यांवर लिबी कुबिचेक सत्तावीस वर्षं टपाल वाटत होती. रोज तीनशे एक्केचाळीस पेट्या. पेट्या रस्त्याच्या उजव्या अंगाला आणि तिकडच्या मोटारीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ही बाई आपल्या जुन्या मोटारीत उजवीकडच्या सीटवर बसायची आणि डावा हात, डावा पाय लांबवून पलीकडचं स्टिअरिंग नि ब्रेक सांभाळायची. पेटी आली की डाव्या हाताने चमकते पिवळे दिवे लावायचे, उजव्या हाताने टपाल टाकायचं, दिवे बंद, चला पुढे. हाताला असं वळण पडलं होतं की रविवारी चर्चच्या दारातसुद्धा ती दिवे लावून थांबायची आणि अख्खं गाव हसायचं.

चौऱ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात, मक्याच्या काढणीत, ब्लांश वोंड्राच्या पेटीपाशी ती थांबलेली असताना धान्याने भरलेला ट्रक मागून आदळला. मोटार चाळीस पावलं पुढे चरात जाऊन पडली. तीन बरगड्या आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. वोंड्राच्या अलीकडचं वळण ते दवाखान्याचं छत, यांच्या मधलं लिबीला काहीएक आठवत नव्हतं.

ट्रक कंपनीच्या वकिलाला मात्र सगळं ठाऊक होतं. त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, दिवे लागलेले नव्हते. मोटारीतलं बटण पाहिलं तर बंद. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, आवाज ऐकून पहिली धावत आलेली ब्लांश. तिने शपथेवर सांगितलं, "दिवे बंद होते. मी काय करू? बंद होते, तर बंद होते."

तीस वर्षांची मैत्रीण! पण ब्लांशच्या तोंडून खोटं कधी निघालेलं नाही, हे लिबीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर ती खचली. दोष तिचा ठरला तर टपालाची फेरी कायमची सुटणार होती; पण तिला खात होतं ते वेगळंच.

"विसरले असेन मी, लुमीर," ती नवऱ्याला म्हणायची. "ट्रकवाल्याच्या नावाने बोंब मारायची, आणि चूक माझी!"

"तू? दिवे विसरशील?" लुमीर भडकायचा. "एक वेळ मला विसरशील!"

"मग ब्लांश खोटं बोलते?"

यावर लुमीर तणतणत गोठ्याकडे जायचा. हिवाळाभर ब्लांश फिरकली नाही. दर शनिवारी येणारे तिचे कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, तेही आले नाहीत.

मार्चमध्ये लिबीच्या वकिलाच्या सांगण्यावरून राज्य पोलिसांचा सार्जंट टिल्मन आला. अपघात उकलणं हेच त्याचं काम. कोठारात ताडपत्रीखाली ठेवलेल्या मोटारीचं बटण त्याने पाहिलंसुद्धा नाही. मागच्या दिव्याची काच काढली, आतला बल्ब अलगद सोडवला आणि भिंग लिबीच्या हातात दिलं.

"आतली तार कशी दिसते?"

"लोंबलीय. शेवईसारखी."

"दिवा बंद असता तर तार थंड असती. एवढ्या धक्क्याने ती कडकन तुटली असती. तापून लाल झालेली तारच अशी ताणली जाते. ट्रक आदळला तेव्हा तुमचे दिवे चालू होते, बाई."

"ऐकलंस?" लुमीर ओरडला. पण लिबीचा चेहरा उजळेना.

"मग बंद कुणी केले? ब्लांशने बंदच पाहिले."

टिल्मनने विचारलं, "पेटीत टपाल टाकून झालं की तुम्ही काय करता?"

लिबीने तोंड उघडण्याआधीच तिचा डावा हात हवेत पुढे गेला आणि नसलेलं बटण दाबून आला. ती त्या हाताकडे बघतच राहिली.

"हाडं मोडलेली," लुमीर म्हणाला, "आणि ही बया दिवे बंद करत बसली होती!"

तेव्हा कुठे लिबीचा जीव भांड्यात पडला. ती ताडपत्रीवरच बसली आणि पोटभर रडली. पुढे टिल्मनच्या अहवालासमोर ड्रायव्हरनेही कबूल केलं की नजर रस्त्यावर नव्हती, आणि कंपनीने दोष मान्य केला. पण लिबी तोवर थांबणारी नव्हती. त्याच दिवशी डोळे पुसून तिने लुमीरला गाडी काढायला लावली, ती थेट ब्लांशच्या दारात.

ब्लांशने दार उघडलं, पण मान वर केली नाही.

"तू खरंच सांगितलंस, ब्लांश. दिवे बंदच होते. ट्रक आदळल्यावर मीच बंद केले गं. तुझ्या पेटीचं काम झालं म्हणून."

"म्हणजे लागलेले होते?"

"लागलेले होते."

ब्लांशने एप्रनमध्ये तोंड लपवलं. "पाच महिने मला वाटतंय, मी खरं बोलून तुला बुडवलं."

"आणि मला वाटत होतं, मी बेफिकीर बाई निघाले."

ब्लांशने तिला घट्ट मिठी मारली.

"बरगड्या, ब्लांश! हळू," लिबी कळवळली, पण सोडलं तिनेही नाही.