गुरुजींचा अडकलेला पगार

माझ्या अक्षराला कुणी हसू नये. चौथीनंतर हातात पेन आलं ते बचत गटात सही करण्यापुरतंच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफी असावी. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

हदगावजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी खिचडी शिजवते. पोरांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यावी, असा सरकारचा नियम आहे. मोठे गुरुजी चमचाभर घेऊन मान हलवायचे. औशाकडचे नवे गुरुजी नोकरीवर आले आणि ते काम त्यांच्याकडे गेलं. सुरुवातीला ते वाटीभर चव घेत. पुढं ताटभर घ्यायला लागले.

"मीठ बरोबर हाय का, गुरुजी?"

"अजून नीट कळंना, मावशी. जरा वाढा."

मला वाटलं, माझ्या हाताला चवच तशी आहे. मी खुशीत होते.

मग एकदा शाळेतला तांदूळ संपला. पोरं घरी जाऊन जेवून आली. गुरुजी हापशावर पाणी पिऊन आले. डबा का नाही आणला विचारलं, तेव्हा बोलले. रुजू झाल्यापासून त्यांचा पगारच निघाला नव्हता. पगार ऑनलाइन निघतो, त्याला एक नंबर लागतो, आणि त्यांच्या नंबराची फाईल नांदेडच्या कार्यालयात अडकली होती. गाव मात्र सरकारी नोकरदार म्हणून ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहा, असं त्यांच्या मागं लागलेलं.

"खोलीचं भाडं थकलंय, मावशी. आता औशाला परत जातो, मामाच्या दुकानात बसतो. लई झालं."

माझी नात पहिलीत. त्यांच्यामुळं नुकती कुठं वाचायला लागली होती. माझंही मानधन आलेलं नव्हतं, पण मला त्याची सवय आहे. त्यांना नव्हती. गटातून कर्ज काढून देते म्हटलं, तर आधी नको नको म्हणाले, मग पगार निघाला की फेडतो म्हणाले.

गटाच्या बैठकीत मी हळूच कर्ज मागितलं. माझ्या जाऊबाई अध्यक्ष.

"कशाला पाहिजे?"

"गुरुजींना द्यायला."

सगळ्या हसायला लागल्या. "अगं बाई, सरकारला उसनं देऊन राहिली का तू?" जाऊबाई म्हणाल्या. "मग जामीन मंत्र्याला घे!"

"गुरुजी गेले तर तुमच्या पोरांना मी शिकवू का? मला चौथीपर्यंतच येतं."

हे मी मोठ्यानं बोलले, याचं मलाच नवल वाटलं. मग, "नको गं माय, तू खिचडीच कर," म्हणत जाऊबाईंनीच पहिली सही केली.

गुरुजी राहिले. संक्रांतीच्या सुमारास मागचा सगळा पगार एकदम जमा झाला. त्या महिन्याच्या बैठकीला ते स्वतः आले आणि सतरंजीच्या कडेला माझ्याहून जास्त लाजत बसले. जाऊबाईंनी नोटा मोजल्या.

"गुरुजी, व्याज सोडून द्यायचं का?"

"सोडू नका. सरकारनं मला दिलं न्हाई, पण तुमचं कशाला बुडवू?"

पुन्हा हसू फुटलं. जाऊबाईंनी व्याजही मोजून घेतलं. माझ्या नावावरचं कर्ज त्या दिवशी पूर्ण फिटलं.