पिशवी बसून गेली

आमच्या बाबांना जगात दोनच गोष्टी येतात, असं आई म्हणते. एक भाजी पिकवणं आणि दुसरी एसटीत जागा धरणं. पहिलीबद्दल तिला अधूनमधून शंका येते. दुसरीबद्दल कारंज्याच्या स्टँडवर कोणालाही विचारा. गाडी फलाटाकडे वळत असते, थांबलेलीही नसते, तेव्हाच बाबा धोतराचा सोगा सावरत तिच्या बाजूनं पळत सुटतात आणि उघड्या खिडकीतून रुमाल आत फेकतात. रुमाल सीटवर पडला की जागा आपली. मग दारात किती का रेटारेटी होईना, त्या रुमालावर कोणी बसत नाही. आमच्याकडे माणूस माणसाला ढकलून पुढे जाईल, पण रुमालाला कोणी हात लावणार नाही.

रुमाल नसला तर हाताला येईल ते. मेथीची जुडी टाकून झाली. एकदा डाव्या पायातली चप्पल टाकली आणि एका पायावर उड्या मारत गाडीत चढले. एकदा वांग्यांची थैली टाकली, ती आधीच बसलेल्या एका मास्तरांच्या मांडीवर पडली. मास्तरांनी वांगी परत केली, पण सगळी नाही.

मी लहान होते तेव्हा मला हे सगळं शौर्य वाटायचं. बारावी होईपर्यंत त्याची लाज वाटायला लागली होती, आणि बारावीनंतर तर जे झालं ते झालंच.

झालं असं की नर्सिंगच्या यादीत माझं नाव आलं. आता वाशिमला जाऊन मूळ कागदपत्रं दाखवायची होती. त्यासाठी चार दिवस दिले होते. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, पहिल्या दिवशी गर्दी राह्यते. दुसऱ्या दिवशी फुलकोबीचा तोडा होता. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शेवटच्या दिवशी जाऊ, कोणीच राह्यत नाही, पाह्यजो तू." असं करत करत शेवटचा दिवस उजाडला. दुपारी चारच्या आत खिडकीवर कागद दाखवले नाहीत, तर माझ्याऐवजी खालच्या नंबरची मुलगी. ती कोण ते मला माहीत नव्हतं, पण रात्रभर मी तिचा राग राग केला.

कागद एका निळ्या पिशवीत होते. बियाणाच्या दुकानात मिळालेली पिशवी, वर टोमॅटोचं चित्र. आत फाइल, फाइलमध्ये दहावी, बारावी, टीसी, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आणखी दोन-तीन. एकेका शिक्क्यासाठी मी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. फाइलवर आईनं पोळी-ठेच्याचा डबा ठेवला आणि मला दारात थांबवलं.

"पिशवी उराशी धर वं. कोणाच्या हाती देऊ नोको."

"बाबांच्याही?"

"त्यायच्या तं मुळीच नोको."

बाबा तिथंच दाढी करत होते. आरशातूनच हसले.

स्टँडवर ही गर्दी! दसरा होऊन गेलेला, सोयाबीनची सोंगणी संपत आलेली, त्यामुळे मजूर माणसं आपापल्या तांड्यांकडे, गावांकडे परतत होती. बाबांनी जमिनीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि फलाटावरची त्यांची ती नेहमीची जागा पकडली. मी म्हटलं, बाबा, उभं राहून जाऊ. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी बैलगाडीनं जाऊ म्हटलं.

गाडी वळली. बाबा पळाले. खिशात हात घातला, तर रुमाल घरी तारेवर वाळत.

"पिशवी आण! पिशवी!"

आणि पिशवी गेली खिडकीतून आत. बरोबर खिडकीजवळच्या सीटवर, टोमॅटो वर. नेम मात्र मानायला पाहिजे.

मी दाराकडे धावले, तर बाबांनी माझा हात धरला. "थांब ना. जागा धरली, आता धक्के कायले खायचे? लोकं चढू दे. आपून चाय घेऊ." आता सांगा, असा माणूस कुठं मिळेल? ज्याची जागा नाही तो दाराला लटकतो, आणि ज्याची आहे तो कॅन्टीनमध्ये बसतो. बाबांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. बाहेर दोनदा घंटी वाजली, गाडी हलली आणि स्टँडच्या बाहेर पडली.

"ते गेली मानोऱ्याची," बाबा म्हणाले. मला माहिती देत होते.

"मग आपली कुठाय?"

त्यांनी बशीच्या वरून बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला रिकामा फलाट होता.

"बाबा, पाटी वाचली होती?"

"पाटी कायले वाचा लागते? वीस वर्षं झाले, या टायमाले या जागी वाशिमच लागते."

वाशिमची गाडी दहा मिनिटांनी आली. तिच्यात निम्म्या सीटा रिकाम्या होत्या.

मी जे ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. कॅन्टीनवाल्यानं गॅस बारीक करून ऐकलं. चौकशीच्या खिडकीतले साहेब भले होते, त्यांनी मानोऱ्याला निरोप ठेवतो म्हणून सांगितलं. पण हेही म्हणाले की गाडी गावोगावी थांबत जाते, मधेच कोणी पिशवी घेऊन उतरलं तर मी काय करू? काय करणार ते! माझं वर्ष टोमॅटोच्या पिशवीत बसून मानोऱ्याला चाललं होतं, बिनतिकीट.

मग आम्ही मानोऱ्याची काळी-पिवळी जीप गाठली. ती भरल्याशिवाय हलत नाही. भरलेली म्हणजे किती, ते ड्रायव्हरच्या मनावर असतं. बाबांना पुढं ड्रायव्हरच्या कोपराखाली अर्धी जागा मिळाली. मी मागं, दोन बाया आणि एक कोंबडीचं टोपलं यांच्या मधे. मी रडत होते. लाजबिज काही नाही, चांगलं भोकाड पसरलं होतं. समोरच्या म्हाताऱ्यानं बाबांना विचारलं, "कोणी गेलं काय?"

"कागदं गेले."

"मंग कायले रडून राह्यली? मले वाटलं माणूस गेलं."

बाबा मान न वळवताच म्हणाले, "पिशवी भेटते. म्या धरलेल्या जागेवर आजपावतो कोणी बसलं नाही." एवढं होऊनही गर्व काही जात नव्हता. मला वाटलं, जीपमधून उडी मारावी. आधी बाबांना ढकलावं आणि मग मारावी.

इथं एक सांगून टाकते, कारण घरी मी हे कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की बाबांनी पिशवी माझ्या खांद्यावरून ओढून घेतली. ओढली नाही. त्यांनी मागितली आणि मी काढून दिली. मी नवा ड्रेस घातला होता, मला तो चुरगळू द्यायचा नव्हता, मला खिडकी पाहिजे होती; उभं राहून जाऊ हे नुसतं म्हणण्यापुरतं होतं. आईचं बोलणं घरापासून स्टँडपर्यंतही टिकलं नाही.

मानोऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ती गाडी एका कडेला उभी होती, रिकामी. मी खिडकीतून आत पाहिलं. सीटवर काही नव्हतं. मी तिथंच चाकाजवळ बसणार, तेवढ्यात बाबांनी माझा खांदा दाबला.

भिंतीच्या सावलीत एक बाई जमिनीवर बसली होती. पन्नाशीची असेल. शेजारी गाठोडं, गाठोड्यात खोचलेला विळा, आणि मांडीवर आमचा टोमॅटो. दोन्ही हातांनी धरलेला. आम्हाला धावत येताना पाहून ती भिंतीला हात टेकत उठली.

"तुमची हाये काय?"

मी पिशवी घेतली. घेतली कसली, हिसकावलीच. खाली बसून फाइल उघडली आणि तिच्यासमोर एकेक कागद काढून मोजला. दहावी, बारावी, टीसी, दाखले, फोटोचं पाकीट. सगळं होतं. डबासुद्धा होता, झाकण तसंच घट्ट. ती वरून बघत होती.

बाबांना मात्र वेगळीच काळजी. "सीटवरच होती ना?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चमक आली.

"हौ, खिडकीपाशी. कंडक्टरनं इचारलं कोणाची, कोणीच बोललं नाही. मंग वाटलं, येईन कोणी पुढच्या स्टापवर. बाजूले उभं राह्यलं."

"कोण उभं राहिलं?" मी विचारलं.

"मीच ना. गाडी भरेल होती. हेच एक जागा होती, पण ते तं तुमी धरेल होती."

बाबांची चमक जरा कमी झाली. "अवं, मंग मांडीवर घ्यायची पिशवी, अन् बसायचं."

"दुसऱ्यानं धरेल जागेवर कसं बसाव, भाऊ?"

ती काही टोमणा मारत नव्हती. सरळ सांगत होती, आपल्याकडची रीतच ती. धनजकडच्या शेतांमध्ये आठ दिवस वाकून सोयाबीन सोंगून ती परत चालली होती. दोन दिवसांनी त्यांचा ट्रक ऊसतोडीला निघणार होता. कारंज्यापासून मानोऱ्यापर्यंत ती सीटच्या दांड्याला धरून उभी होती आणि तिच्या समोर टोमॅटोची पिशवी बसली होती. ऐसपैस, खिडकीची हवा खात. पूर्ण गाडीत कोणालाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. माझ्यासमोर झालं असतं तर मलाही वाटलं नसतं.

"इथं साहेबाजवळ दिऊन द्यायची ना," बाबा म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"मले वाचता येत नाही. पण शिक्के दिसले. म्हटलं, शिक्क्यासाठी लय चकरा मारा लागते. जाची त्याच्याच हाती दिलेली बरी."

"मंग तुमची गाडी?"

"आमच्या तांड्याची जीप तं गेली. आता दुपारून हाये."

बाबा इकडेतिकडे पाहायला लागले. मग त्यांना एकच गोष्ट सुचली. "चाय घेता काय बाई?"

"नाही भाऊ," ती म्हणाली. "जरा बसू द्या मले."

आणि ती परत भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले. घोटे सुजलेले होते. एवढ्यात वाशिमची गाडी लागली. घड्याळात बारा वाजून गेले होते, आणि चारच्या आत पोचायचं होतं. मी पिशवी उराशी धरून पळाले. या वेळी पाटी वाचली, दोनदा वाचली. मागं वळून पाहिलं नाही.

दारातून चढलो, चारचौघांसारखे. मला एक जागा मिळाली, बाबांना मिळाली नाही. भूक लागली होती, मी डबा उघडला. तो डबा त्या बाईला द्यायला पाहिजे होता, हे मला तिसऱ्या घासाला सुचलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मंगरुळला बरीच माणसं उतरली, माझ्या शेजारची सीट रिकामी झाली. मी म्हटलं, बसा. "राहू दे," ते म्हणाले, आणि वाशिम येईपर्यंत दांड्याला धरून उभे राहिले.

वाशिमला काम झालं. तीन वाजता पोचलो, साडेतीनला सुटलो. खिडकीवरच्या माणसानं कागद चाळले, झेरॉक्स ठेवल्या, मूळ प्रती माझ्या हातात दिल्या. मला वाटलं होतं इतक्या रामायणानंतर तो निदान मान वर करून बघेल.

आता मी नोकरीला आहे. सुटीत घरी आले की पाहुण्यांसमोर ही गोष्ट निघतेच. आई तिच्या पद्धतीनं सांगते, त्यात बाबांच्या अकलेचे वाभाडे असतात. मी सांगते तेव्हा चहाच्या बशीपाशी सगळे हसतात. बाबाही मागे हटत नाहीत. "काही म्हना, कारंज्यापासून मानोऱ्यापावतो एवढ्या गर्दीत म्या धरेल जागा कोणी घेतली काय?" पाहुणे टाळ्या देतात. अशी ती गोष्ट चांगली रंगात आलेली होती.

गेल्या दिवाळीत बाबांनी ते वाक्य म्हटलं आणि मी, का कोण जाणे, मधेच बोलले. "आणि ती बाई?"

बाबांनी हातातली बशी खाली ठेवली. "उभीच होती वं ते," ते म्हणाले. पाहुण्यांना काही कळलं नाही. आईनं चिवडा पुढं केला.

बाबा आता खिडकीतून काही टाकत नाहीत. त्या दिवसानंतर एकदाही टाकलं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "खांदा दुखते, पहिल्यासारखा हात जात नाही."

त्याच खांद्यावर ते रोज सकाळी वांग्यांचं पोतं घेऊन बाजारात जातात.