तिसरा तुकडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही — आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय.

आधी माझी फुशारकी ऐकून घ्या, ती खोटी नाही. टेबल फुटबॉलचा सराव कसा बांधायचा, हे बीड जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. दांड्या गरागरा फिरवल्या म्हणजे खेळ होत नसतो. पहिली पंधरा मिनिटं गोल मारायचाच नाही. मधल्या दांडीवरून पुढच्या दांडीवर नुसते पास. मग एकाच जागेवरून एकच फटका, हाताला कंटाळा येईपर्यंत. मग बचाव. सामना अगदी शेवटी. आणि रोज बाजू बदलायची — यावर मी फार अडून बसतो. शिकायला येणारे विचारतात, सर, एवढं कशासाठी? मी विषय बदलतो.

धंद्यानं मी फरशीवाला. न्हाणीघराला ढाळ किती द्यायचा, हे मला नुसत्या नजरेनं कळतं.

रशीद माझा दोस्त. मांजरसुंब्याला हायवेलगत त्याचं गॅरेज. बंद पडलेल्या एका हॉटेलातून त्यानं हे टेबल आणलं, एका टोकाचे दोन पाय झिजून आखूड झालेले. "तुझं काम हाय बे, कर सरळ," म्हणाला. मी त्या दोन पायांखाली फरशीचे दोन-दोन तुकडे घातले, वर पाणसळ ठेवून बघितली. टेबल अगदी सरळ बसलं.

तेव्हा रशीद माझ्याहून चांगला खेळायचा. किती चांगला? दहातले सात सामने त्याचे. आणि राज्य स्पर्धेला जिल्ह्यातून एकच जण जाणार होता. त्याच्या अब्बांनी बजावलं होतं — निवड झाली तर खेळ, नाहीतर हे खूळ सोड आणि पाना धर. निवडीला दोन महिने होते. सरावाचा तक्ता मी बनवायचा असं ठरलं. त्याचा माझ्यावर भरवसा होता.

मग मी काय केलं? दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी जाऊन त्या दोन्ही पायांखाली तिसरा तुकडा सरकवला. पातळ टाइलचा — डोळ्यांना दिसू नये, पण चेंडूला कळावं एवढाच. तक्त्यात लिहिलं: बाजू बदलायची नाही, हात पक्का होतो. उताराकडे मारायची बाजू त्याला दिली, चढाकडे मारायची मी घेतली.

त्याचे पास आपोआप पुढं जायचे. फटके सुसाट. "लई भारी तक्ता हाय तुझा," म्हणायचा. टेबल मी बसवलेलं, मग तो कशाला वाकून बघतोय? मला मात्र प्रत्येक पास जोर लावून चढवावा लागे. माझा हात तयार होत गेला, त्याचा बिघडत गेला — आणि रोज संध्याकाळी समोर उभा राहून मी ते बघत होतो. तुकडा काढायला मला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. दोन महिने मी तो काढला नाही.

निवडीच्या टेबलाला ढाळ नव्हता. शेवटचा सामना आमचा दोघांचाच होता. त्याचे पास मधेच थांबायला लागले. हरल्यावर तो आपले हात उलटसुलट करून बघत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हो — ठेवला.

राज्य स्पर्धेत मी छान खेळलो. त्याच नावावर आज मला सर म्हणतात. रशीदनं पुन्हा दांडी धरली नाही.

गेल्या महिन्यात गाडी दाखवायला त्याच्याकडे गेलो. त्या टेबलाच्या दांड्या आता काढल्यात, आत नट-बोल्ट पसरलेले. बेअरिंगचा एक छर्रा त्याच्या हातून सुटला आणि रशीद ज्या टोकाकडे गोल मारायचा, घरंगळत त्याच टोकाला गेला. तिथल्या गोलच्या भोकावर रशीदनं पट्टी ठोकलीय, सामान खाली पडू नये म्हणून.

"हितली फरशीच वाकडी हाय," तो म्हणाला. मग हसून — "आन् तवा माझ्याच हातात जोर न्हवता. तू तर लई मन लावून शिकवलं."

फरशी सरळ आहे. मी छर्रा उचलून डब्यात टाकला, त्यानं मागवलेला चहा प्यालो आणि निघालो. ते तुकडे अजून तिथंच आहेत.