मागच्या सीटला टेकू

बायकोला गाडीवर शेवटचं नेलं ते गिरणीत, दळणाला. ती एका बाजूला पाय सोडून बसायची आणि "बसले, चला" म्हणाली की मी निघायचो. त्या दिवशी उतरताना म्हणाली, "नवी गाडी नको. हिलाच मागं टेकू बसवा, कंबर मोडते माझी."

"बघू," म्हणालो. आठ दिवसांत ती गेली.

तेराव्याला पोरगा म्हणाला, "बाबा, ही विका, नवी घेऊ."

"आधी तुझ्या आईचं काम करतो," म्हणालो. जित्या माणसाला आपण बघू म्हणतो आणि मेल्यावर घाई करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रीकडून टेकू बसवून घेतला. किक मारली आणि तसाच थांबलो.

मेस्त्री म्हणाला, "काका, चला की. कुणाची वाट बघताय?"