पालथं पातं

सोसायटीच्या मीटिंगमध्ये उन्हाळी संमेलनाचा विषय निघाला आणि मी बोलून गेलो, "बर्फाचा गोळा ठेवू या. मशीन तर आपलंच आहे." सेक्रेटरी लगेच म्हणाले, "छान! मग ती जबाबदारी तुमची."

मशीन जिन्याखाली पडून होतं. हाताने फिरवायचं, लोखंडी, जड. पात्यावर इतका गंज की गोळा रंग न घालताच तांबडा झाला असता. मी ऑफिसात बसून काम करणारा माणूस. आमच्या घरात स्क्रू ड्रायव्हर बायको वापरते. तरी संमेलनाच्या आदल्या दिवशी आमच्या इंद्रलोक भागातून भाईंदर पश्चिमेला गेलो, दुकानदाराला मोबाइलवर फोटो दाखवला आणि नवं पातं घेतलं.

"आगे-पीछे देखके लगाना," तो म्हणाला.

मी "हां हां" म्हटलं. पात्याचं आगे कुठलं आणि पीछे कुठलं, हे विचारायची लाज वाटली. घरी आल्यावर जुनं पातं कसं बसलंय ते बघायचं सोडून आधी ते काढून कचऱ्यात टाकलं.

"मी बघू का?" बायकोने विचारलं.

"झालंच आहे," मी म्हणालो. खरंच झालं होतं. स्क्रू सगळे बसले, एकही उरला नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता पोरांची रांग लागली. मी बर्फाचा तुकडा ठेवला, वरून आवळला आणि हँडल फिरवलं. बर्फ गरगर फिरला. खाली काहीच पडेना. जोर लावला तसा तो आणखी गुळगुळीत होऊन काचेसारखा चमकायला लागला.

"अंकल, पॉलिश कर रहे हो क्या?" रांगेतल्या एका मुलीने विचारलं.

तिसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका म्हणाले, "थोडा तेल डालो." कुणी म्हणालं, बर्फच खराब आहे. मी अजून आवळलं, तर हँडल उलटं येऊन माझ्या मनगटावर बसलं.

तेवढ्यात माझे सासरे आले. ते जवळच्या मुर्धा गावात राहतात, सगळा जन्म होडीवर गेलेला. लेकीने बोलावलं म्हणून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांनी वाकून पात्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "पात्यालाच खोट हाय! जावईबापूंची काय बी चूक न्हाय!"

मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पातं पालथं लावलंय तुम्ही."

"मग तुम्हीच बसवा ना."

"छ्या! लोक बघतात. तुम्हीच बसवा. मी सांगतो."

ते रांगेकडे पाठ करून माझ्यापुढे आडवे उभे राहिले. मी स्क्रू काढले, पातं उचललं.

"परता त्याला. धार वर. न्हाय, ती धार न्हाय, ती पाठ."

"ही?"

"ती बी पाठच. हां, आता. थोडा बाहेर काढा. एवढा न्हाय! गोला करायचाय, गारा न्हाय पाडायच्या."

मी हँडल फिरवलं. खर्रर्र आवाज आला आणि खाली भुरभुरीत पांढरा बर्फ पडायला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मनगट ठणकत होतं, तरी मी तासभर फिरवतच राहिलो. इतका आनंद मला प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

"तुम्हाला मशीनमधलं बरंच कळतं हो," सेक्रेटरी म्हणाले.

"हुशार हायत," सासरे पापणीही न लववता म्हणाले. शेजारी सरबताच्या बाटल्या धरून उभी असलेली बायको खोकल्याचं निमित्त करून पलीकडे गेली.

सासऱ्यांनी काला खट्टाचे दोन गोळे खाल्ले. त्यांना रिक्षापर्यंत सोडायला आम्ही दोघं गेलो. जांभळी जीभ झालेल्या बापाला लेकीने विचारलं, "बाबा, खरंच पात्यात खोट होती?"

"व्हती तर," ते आत बसत म्हणाले. "बरीच व्हती. जावईबापूंनी काढली."

रिक्षा वळली, आणि बायको जी हसायला लागली ती लिफ्ट आमच्या मजल्यावर पोचेपर्यंत थांबली नाही. मीही हसलो, पण जरा उशिरा.