तात्पुरत्या खोलीतलं माहेर

सांगलीतली आमची नदीकाठची वस्ती पाडून नवी घरं बांधायचं ठरलं. ती होईपर्यंत आम्हाला गावाबाहेर भाड्याच्या तात्पुरत्या खोल्या मिळाल्या. भाडं परवडणारं, वर पत्रा, शेजार जुनाच. मला तर योजना पसंत होती. घरं होईस्तोवर माणसं वाऱ्यावर सोडली नाहीत, हे काय कमी आहे, म्हणून मी चहाच्या टपरीवर भांडायचो. आईला मात्र तिथं राहायचंच नव्हतं. तिनं चांगली भांडी पोत्यातून काढलीच नाहीत. पाहुणा आला की शेजारून ताट आणायचं!

अशात ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे चर्चाच नसते. पण फलटणहून तिच्या सासूबाईंचा निरोप आला, आधी खोली बघू, मग ठरवू. ताई फोनवर रडली. तिला आईजवळच यायचं होतं. आईनं त्याच दुपारी सगळी पोती सोडली आणि भांडी घासून लखलखीत केली.

ताईचे सासरे फौजेतून निवृत्त झालेले, पण घरातली शिस्त सासूबाईंच्या हातात. आल्या आल्या त्यांनी फळीवरून बोट फिरवलं, नळ सोडून पाहिला, खिडकी उघडझाप केली.

"आवं विहीणबाई, हितं लय उकडंल की."

"वल्ल्या चादरी लावू. मिरजंचा दवाखानाबी जवळ हाय," आई म्हणाली.

मग त्यांनी वर पाहिलं. "पाळणा कशाला टांगणार?"

पत्र्याखाली नुसत्या बारीक पट्ट्या. भिंतीला खिळा मारायचा नाही, छताला हात लावायचा नाही, असा नियम. मी योजनेचे फायदे सांगायला लागलो. आईनं डोळे वटारले, तसा चहा ठेवायला उठलो.

"न्हाई वं सोय," आई म्हणाली. "मी मांडीवर निजवीन."

सासूबाईंनी चहाचा कप हातात घेतला. मला त्यांचा रागच आला होता.

"ह्यांच्या पलटणीच्या क्वार्टरमधी माझं पयलं बाळातपण झालं," त्या हळूच म्हणाल्या. "छताला जाड कडी हुती. पर जवळ आई न्हवती."

कप खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "रविवारी फलटणला यं. बहिणीला घिऊन जा."